दारचें तोरण आणि घरचें बियाणें

आश्विनमास लागला म्हणजे घरोघर तोरणें बांधण्याची लगबग सुरू होते. दसरा असो, दिवाळी असो, वास्तुशांति असो वा घरचें लग्नकार्य असो, तोरणावांचून दार शोभत नाहीं. परंतु अलीकडे शेतकऱ्याच्या दारींहि बाजारांतून आणिलेलीं प्लॅस्टिकचीं तोरणें दिसूं लागलीं आहेत. तीं धुतां येतात आणि पुष्कळ दिवस टिकतात, हें खरें. तथापि तें घर कोणाचें व त्या घरानें यंदा काय पिकविलें, हें त्यांवरून कांहींच कळत नाहीं. ज्याच्या शेतांत कणसें डोलत आहेत, त्यानें विकतचीं खोटीं पानें दारावर टांगावीं, हें आम्हांस उचित वाटत नाहीं. शिवाय स्वतःच्या पिकाचें तोरण करण्यांत शेतीच्या हिताची एक मोठी गोष्ट साधते. ती वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कोंकणांत नवान्न पौर्णिमेच्या सुमारास ‘नवें’ बांधण्याची चाल आहे. नव्या भाताच्या लोंब्या, नाचणीचीं व वरीचीं कणसें, आंब्याचें पान, कुरडूचा तुरा आणि झेंडूचें फूल यांची जुडी करून ती दाराच्या चौकटीस बांधितात. गोव्यांतील ख्रिस्ती शेतकरी ऑगस्ट महिन्यांत कणसांचें फेस्त करितात व पहिलीं कणसें चर्चमध्यें नेऊन आशीर्वादित करून घेतात. देशावर दसरा-दिवाळीस बाजरीचें कणीस हाताशीं असतें. रब्बी ज्वारीचें व गव्हाचें तोरण करावयाचें तर गुढीपाडव्याची वाट पहावी लागते. प्रांत निराळे, सण निराळे. पण एक गोष्ट सर्वत्र सारखी आहे. विळा लागण्यापूर्वीं कोणीतरी उभ्या पिकांत शिरतो आणि चांगलें कणीस पाहून खुडतो.

हें पाहून खुडणें म्हणजेच बियाण्याची निवड होय. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें स्थानिक मालदांडी ज्वारींतूनच निवड करून एम ३५-१ ही जात तयार झाली, आणि रब्बीच्या कोरडवाहू मुलखांत ती आजहि पेरली जाते. मळणी झाल्यावर राशींतून मूठभर धान्य बाजूस काढणें ही निवड नव्हे. कारण राशींत चांगल्या व वाईट रोपांचे दाणे एकत्र झालेले असतात. निवड उभ्या पिकांतच झाली पाहिजे. म्हणून तोरणाच्या फेरीबरोबरच बियाण्याचीहि फेरी करावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

फेरीस निघतांना विळ्याबरोबर रंगीत दोरा घ्यावा. बांधाकडेचीं अथवा खताच्या ढिगाजवळचीं रोपें सोडून द्यावीं. त्यांस जागा व पोषण अधिक मिळाल्यानें तीं फसवीं असतात. शेताच्या मध्यभागीं, चार शेजाऱ्यांत उभें राहूनहि ज्याचें कणीस भरदार, जें लोळलें नाहीं व ज्यास रोग नाहीं, अशा रोपास दोरा बांधावा व तें पूर्ण पक्व होईपर्यंत उभें ठेवावें. तोरणासाठीं दुसरीं कणसें घ्यावीं. दाणा घट्ट झाला आहे पण दांडा अजून हिरवट आहे, अशा वेळीं तीं वीतभर दांड्यासह कापावीं. फार पिकलेलीं घेतल्यास दाणे गळतात.

कापलेलीं कणसें उलटीं टांगून सावलींत वाळवावीं. चौकटीच्या रुंदीहून दोन वीत अधिक लांब अशी सुतळी घेऊन तीवर पांच-सात कणसांच्या जुड्या बांधाव्या. शेतांत जितक्या जाती पेरल्या असतील तितक्या जुड्या कराव्या आणि प्रत्येक जातीस निराळ्या रंगाचा दोरा लावावा. दोन जुड्यांच्या मध्यें आंब्याचें पान व झेंडू ओवावा. मग हें तोरण शेजारच्या तोरणासारखें राहणारच नाहीं. वर्षाच्या पेरणीचा तो दारावर मांडलेला हिशेबच होईल. हें काम बहुधा घरच्या बायामाणसांच्या हातचें असतें व कणसाची पारखहि त्यांची उत्तम असते. म्हणून शेतांतील निवडीच्या वेळीं त्यांस अवश्य बरोबर न्यावें.

आंब्याच्या पानांविषयीं एक सूचना. सणासाठीं शेंड्याच्या डहाळ्याच्या डहाळ्या मोडण्याची रीत वाईट आहे. आंब्यास मोहोर येतो तो पक्व डहाळीच्या शेंड्यावर. आश्विनांत शेंडा मोडला म्हणजे त्या ठिकाणचा मोहोर बहुतेक गेलाच. यास्तव जून पानें एकएक करून देंठासह खुडावीं आणि शेंडे राखावे.

दारावर लावलेल्या कणसांचे दाणे मात्र बियाण्यांत मिसळूं नयेत. उघड्यावरील कणसांत धान्यावरील पतंग अंडीं घालतो व त्याची अळी दाणा आंतून पोखरते. त्याच कारणानें असें तोरण कणगीजवळ किंवा कोठाराच्या दारीं टांगूं नये. दोरा बांधलेलीं कणसें निराळीं मळून बीं उन्हांत नीट वाळवावें; भाताच्या बियाण्यांत ओलावा शेंकडा १३ हून अधिक राहूं देऊं नये. पेरणीपूर्वीं १०० दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे. भाताचे निदान ८० उगवले तर बीं पेरण्यालायक समजावें.

भात हें स्वपरागी पीक असल्यानें त्याचें घरचें बीं शुद्ध ठेवणें सोपें आहे. बाजरींत परागाची सरमिसळ होते. म्हणून तिचीं कणसें एकदोन न घेतां पुष्कळ रोपांवरून घ्यावीं. संकरित जातीचें बीं मात्र राखूं नये, कारण पुढील पिढींत तिचे गुण विखुरतात. तीं कणसें दाराच्या शोभेपुरतींच ठेवावीं. घरचें बीं राखण्याचा, पेरण्याचा व शेजाऱ्यास देण्याचा शेतकऱ्याचा हक्क सन २००१ च्या कायद्यानेंहि मान्य केला आहे. पण जें बीं घरांत उरलेंच नाहीं, त्यावरील हक्काचा उपयोग काय?

झेंडूचीं वाळलेलीं फुलें देशी जातीचीं असल्यास त्यांचें बीं काढून ठेवावें. मृगाच्या पावसावर टाकल्यास पुढल्या दसऱ्याचीं फुलें घरचींच होतील. कणसें चिमण्यांनीं टिपलीं तर टिपूं द्यावीं. दारच्या जुड्या त्यांच्यासाठींच आहेत असें समजावें. दोरा बांधलेलें बीं तेवढें आपण जपावें, म्हणजे पुढील वर्षीं तोरणासाठीं कणसें शोधण्यास दुसऱ्याच्या बांधावर जावें लागणार नाहीं.