दृष्टी बदलते तेव्हा

छायाचित्रणाचा छंद असणाऱ्यास चांगला कॅमेरा हवाच; परंतु कॅमेऱ्यामागचा माणूस बदलला, की त्याच स्थळाचे छायाचित्रही बदलते. याचा प्रत्यय मला तिरुवलंचुळी येथे आला.

कुंभकोणमपासून सुमारे सहा किलोमीटरवर, स्वामिमलैनजीक हे गाव आहे. तमिळमध्ये ‘वलम’ म्हणजे उजवीकडे आणि ‘चुळी’ म्हणजे भोवरा. कावेरी येथे उजवीकडे वळली, म्हणून हे नाव पडले. येथील कपर्दीश्वराच्या मंदिरात श्वेत विनायकाची लहानशी मूर्ती आहे. समुद्रमंथनाच्या वेळी देवांनी सागराच्या फेसापासून ती घडविली, अशी आख्यायिका आहे. म्हणूनच तिला अभिषेक होत नाही. केवळ भीमसेनी कापराची पूड वाहतात. देवळातील दगडी जाळीची खिडकी तर कोरीव कामाचा उत्तम नमुना होय.

2018 मध्ये मी तेथे प्रथम गेलो. दोन तासांत दोनशेहून अधिक छायाचित्रे टिपली. कोणी भाविक चौकटीत आला, की तो जाईपर्यंत मी थांबत असे. घरी आल्यावर आईला ती दाखविली. ती म्हणाली, “छान आहेत रे, पण तिथं माणसं येत नाहीत का?” मी हसून विषय टाळला.

2021 मध्ये आईला काचबिंदू असल्याचे निदान झाले. कडेचे दिसणे बरेच कमी झाले होते आणि गेलेली दृष्टी परत येणार नव्हती. ती उंबऱ्याशी अडखळते, पेला ठेवताना टेबलाची कड चाचपते, हे माझ्या डोळ्यांसमोरच घडत होते. मी ते पाहिले मात्र नव्हते. दगडावरची बारीक रेघ शोधणाऱ्या माझ्या नजरेला घरातले माणूस दिसले नाही, ही खंत आजही आहे.

2023 मध्ये, पांढरा गणपती पाहण्याच्या तिच्या इच्छेखातर, तिचा हात धरून पुन्हा तेथे गेलो. ती विचारी, “उजेड कुठून येतोय? शेजारी कोण उभं आहे?” तिला सांगता यावे म्हणून मला आधी नीट पाहावे लागे. जाळीवरून हात फिरवीत ती बराच वेळ उभी राहिली. मागची मंडळी न कुरकुरता थांबली.

त्या दिवशी मी अवघी सात छायाचित्रे घेतली. त्यांतील एकात आईचा हात आहे, जाळी आहे आणि कडेला थांबलेली माणसेही आहेत. कॅमेरा तोच होता.