सात वाचले, बाकीच्यांचं काय?

स्वातंत्र्य, समता, बंधुता. आपल्याकडच्या शाळकरी पोरांना हे तीन शब्द एका दमात म्हणता येतात. पाठ्यपुस्तक उघडलं की उद्देशिका, आणि तिच्यात हे तिघे. पहिल्या दोघांसाठी आपण मोर्चे काढतो, कोर्टात जातो, वेळ पडली तर एकमेकांची डोकी फोडतो. तिसरा मात्र लग्नातल्या लांबच्या मामासारखा. नाव सगळ्यांना ठाऊक, पण कामाला कुणी हाक मारत नाही. क्रिस्तॉफ किस्लोव्हस्की या पोलिश दिग्दर्शकानं या तिघांवर तीन चित्रपट केले आणि त्या मामाला शेवटी आणलं. ‘थ्री कलर्स’ या चित्रत्रयीतला तो तिसरा चित्रपट, ‘रेड’. त्याचा शेवट पटला की नाही, यावर तीस वर्षं उलटून गेली तरी प्रेक्षकांचं एकमत नाही. असोदा गावातही झालं नाही.

आधी थोडी माहिती. ‘ब्लू’, ‘व्हाइट’ आणि ‘रेड’ हे फ्रेंच झेंड्याचे तीन रंग आणि त्यांना जोडलेली फ्रेंच राज्यक्रांतीची तीन मूल्यं. निर्माता मारँ कार्मित्झ, पैसा बराचसा फ्रेंच. पैसा दुसऱ्या देशाचा असता तर शीर्षकंही वेगळी झाली असती, असं किस्लोव्हस्की स्वतःच सांगायचा. सप्टेंबर १९९३ मध्ये ‘ब्लू’ व्हेनिसला, फेब्रुवारी १९९४ मध्ये ‘व्हाइट’ बर्लिनला आणि मे महिन्यात ‘रेड’ कान्सला. नऊ महिन्यांत तिन्ही चित्रपट जगासमोर. पहिल्याला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला, दुसऱ्याला बर्लिनमध्ये दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल. तिसऱ्याला कान्समध्ये परीक्षकांनी रिकाम्या हातानं परत पाठवलं. त्या वर्षीचा ‘पाम दोर’ टॅरंटिनोच्या ‘पल्प फिक्शन’नं नेला. स्वित्झर्लंडनं ‘रेड’ ऑस्करला पाठवला, तर तो पुरेसा स्विस नाही म्हणून परभाषिक विभागातून बाद झाला आणि मग दिग्दर्शन, पटकथा, छायाचित्रण अशी तीन नामांकनं मिळवून बसला. किस्लोव्हस्कीनं याच सुमारास निवृत्ती जाहीर केली. मार्च १९९६ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, तो गेला. त्रयीचा शेवटचा चित्रपट असा त्याचाही शेवटचा ठरला.

गोष्ट जिनिव्हातली. व्हॅलेंटीन ही मॉडेलिंग करणारी तरुण मुलगी (इरेन जाकोब) गाडी चालवताना एका कुत्रीला धडकते. गळ्यातल्या पट्ट्यावरचा पत्ता शोधत ती कुत्रीच्या मालकाकडे जाते. मालक म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, जाँ-लुई त्रँतिन्याँ. म्हातारा कुत्री परत घ्यायला तयार नाही. त्याचा दिवसभराचा उद्योग एकच, यंत्र लावून शेजाऱ्यांचे फोन ऐकणं. मुलीला किळस येते, राग येतो, तरी ती पुन्हा येते. दोघांत जे घडतं त्याला प्रेम म्हणवत नाही आणि नुसती ओळखही म्हणवत नाही. समांतर एक तरुण चालला आहे, न्यायाधीशाच्या परीक्षेला बसलेला ओग्यूस्त. त्याच्या आयुष्यात नेमकं तेच घडत जातं, जे म्हाताऱ्याच्या तरुणपणी घडलं होतं. व्हॅलेंटीन आणि ओग्यूस्त जवळजवळ राहतात, एकमेकांना ओलांडून जातात, ओळख मात्र नाही.

आणि मग तो शेवट. इंग्लंडला निघालेली फेरीबोट वादळात बुडते. बोटीवर चौदाशेहून जास्त माणसं, वाचतात सात. एक बोटीवरचा बारमन. उरलेले सहा म्हणजे ‘ब्लू’मधली ज्यूली आणि तिचा ऑलिव्हिए, ‘व्हाइट’मधला कॅरोल आणि त्याची दोमिनिक, आणि ‘रेड’मधले व्हॅलेंटीन आणि ओग्यूस्त. म्हातारा टीव्हीवर हे बघतो.

इथेच भांडण सुरू होतं. एका बाजूचे म्हणतात, हा काय पोरखेळ? आपली सहा पात्रं कोरडी काढायची म्हणून दिग्दर्शकानं हजार-दीड हजार माणसं बुडवली. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, हीच तर कृपा. जगात असंख्य माणसं मरतात, त्यातली ज्यांची गोष्ट आपण ऐकली तीच आपल्याला वाचलेली दिसतात. तिसरा गट आणखी पुढे जातो. त्यांच्या मते म्हातारा हाच शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मधला प्रॉस्पेरो, वादळ त्यानंच उठवलं. चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला त्याच वर्षी, २८ सप्टेंबरला, बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’ ही खरीखुरी फेरीबोट बुडाली आणि ८५२ माणसं गेली. त्यानंतर ज्यांनी ‘रेड’ पाहिला, त्यांना तो शेवट निव्वळ कल्पना म्हणून पाहणं जड गेलं असणार.

असोद्यात हा चित्रपट दाखवण्यामागे माझा काही सांस्कृतिक कार्यक्रम नव्हता. जळगावपासून हाकेच्या अंतरावरचं हे गाव, कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर. हिवाळ्यात इथली वांगी निघाली की भरताच्या निमित्तानं पै-पाहुणे जमतात. जेवणं आटोपली, पोरांनी टीव्हीला लॅपटॉप जोडला, आणि दोन दिवसांत आधीचे दोन पाहिलेल्या पुण्याच्या भाचीनं तिसऱ्याचा हट्ट धरला. बाकी मंडळींनी आधीचं काही पाहिलेलं नव्हतं. खाली इंग्रजी अक्षरं. आत्याला ती वाचता येत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून भाषांतर सांगत होतो. थोड्या वेळानं आत्या म्हणाली, “तू गप बस. मले समजते.” खरंच समजत होतं. म्हाताऱ्याचा चेहरा वाचायला तिला सबटायटल लागत नव्हती.

फोन चोरून ऐकण्यावर शहरातला समीक्षक हादरतो. इथे कुणी हादरलं नाही. १९९४ साली आपल्या गावांत फोन म्हणजे काय होतं ते आठवा. लग्नपत्रिकेवर नंबर छापायचा आणि पुढे ‘पी.पी.’ लिहायचं. फोन शेजारच्याकडे, निरोप्या पोरगा धावत बोलवायला येणार, आणि आपण कानाला रिसीव्हर लावून उभे राहिलो की त्या घरातली सगळी माणसं कामं थांबवून ऐकणार. मुलगी नांदते की नाही, कापसाचा चुकारा आला की नाही, पोराची नोकरी लागली की गेली, सगळं अख्ख्या आळीला आधी कळायचं. त्यामुळे असोद्याचा प्रश्न वेगळाच निघाला. ऐकलं ते ऐकलं, पण ऐकून म्हाताऱ्यानं केलं काय? आत्याच्या शब्दांत: “आयकलं त आयकलं. कोनाले सांगितलं त नाही ना?”

एक प्रसंग सगळ्यांना लागला. समोरच्या घरातला संसारी माणूस आपल्या पुरुष मित्राशी फोनवर प्रेमाचं बोलतोय हे म्हातारा ऐकवतो. व्हॅलेंटीन चिडून त्या घरी जाते, बायकोला सांगून टाकायचं म्हणून. दार उघडतं, आणि तिला दिसतं की त्या घरातली लहान पोर दुसऱ्या रिसीव्हरवरून बापाचं बोलणं ऐकते आहे. व्हॅलेंटीन काही न सांगता परत फिरते. ज्या गावात प्रत्येकाला प्रत्येकाचं माहीत असतं तिथे न बोलण्याची किंमत माणसांना कळते. खोलीत त्या वेळी कुणी काही बोललं नाही, आणि मला वाटतं ते ओळखीमुळेच.

ऐकण्याची दुसरी बाजूही याच गावाशी जोडलेली आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. सासरी, जळगावात, काम करताना त्यांच्या तोंडून जे निघे ते मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी ऐकून टिपून ठेवलं. म्हणून १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ते आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तकरूपानं आलं. याउलट म्हातारा न्यायाधीश वर्षानुवर्षं ऐकतो आणि त्याच्या हातून काहीच घडत नाही. ती मुलगी येते आणि पहिल्यांदा त्याला कुणाला तरी काही सांगावंसं वाटतं.

तो सांगतो ते निकालांबद्दल. नोकरीच्या सुरुवातीला त्यानं एका खलाशाला निर्दोष सोडलं. माणूस दोषी होता हे नंतर कळलं. तोवर त्या खलाशानं लग्न केलं होतं, मुलंबाळं झाली होती, सरळ संसार चालला होता. न्याय चुकला आणि माणूस वाचला. दुसरा खटला त्याच्या प्रेयसीला नेणाऱ्या माणसाचा. तिथे कायद्यानं सगळं बरोबर झालं, आणि म्हातारा त्यानंतर सही-सलामत राहिला नाही. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले आमचे काका इथे सावरून बसले. “निकाल चुकला, पन मानूस सुधरला. आता अपील कोनाकडे करता?” असा नेमका शेरा मी कुठल्या परीक्षणात वाचलेला नाही.

म्हातारा शेवटी स्वतःच आपली तक्रार पोलिसांत देतो. शेजारी खवळतात, दगड मारून खिडक्या फोडतात. तो म्हणतो, त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. चित्रपटातली बंधुता ही अशी आहे. गळ्यात गळे नाहीत. दुसऱ्याच्या जागी क्षणभर उभं राहता येणं, इतकंच.

आता बोट. दिवे लागले आणि आत्यानं पहिला दगड मारला: “सात वाचले. मंग बाकीच्यायचं काय? त्यायले कोनी नाही का घरी?” भाची डोळे पुसत होती. तिला ज्यूली दिसली होती, कॅरोल दिसला होता. दोन चित्रपट ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लावला ती माणसं ओल्या ब्लँकेटमध्ये जिवंत बाहेर पडताना पाहिली होती. आत्याला दिसले टीव्हीच्या बातमीतले चार अनोळखी चेहरे. दोघींचं भांडण जुंपलं ते चहा होईपर्यंत मिटलं नाही, आणि मिटायची गरजही नव्हती, कारण दोघी एका शेवटाबद्दल बोलतच नव्हत्या.

माझं मत असं की ‘रेड’ हा चित्रपट बोटीच्या आधीच संपतो. फॅशन शो झालेल्या रिकाम्या नाट्यगृहात, बाहेर वादळ सुरू असताना, म्हातारा तिला आपलं सगळं आयुष्य सांगतो. मग निरोप घेताना गाडीच्या काचेला दोघं दोन बाजूंनी तळहात टेकवतात. गोष्ट तिथे पुरी होते. त्यानंतर जे येतं तो त्रयीचा शेवट आहे, ‘रेड’चा नव्हे. एकच प्रसंग दोन कामांना जुंपला की एका कामात तो लंगडणारच. तिन्ही पाहिलेल्याला ती बोट बक्षीस वाटते, एकच पाहिलेल्याला जुलूम. आणि आत्याचा आक्षेप तरीही उरतोच: बंधुतेवरच्या चित्रपटात चौदाशे माणसं नुसती पार्श्वभूमी म्हणून मरावीत, हे मला आजही खटकतं.

शेवटच्या भागाला हा भार सगळीकडेच वाहावा लागतो. सत्यजित राय यांनी अपूची त्रयी ठरवून सुरू केली नव्हती. ‘अपराजितो’ला १९५७ साली व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला, पण कलकत्त्याचा प्रेक्षक थंड राहिला; मध्ये दुसरे दोन चित्रपट करून १९५९ मध्ये त्यांनी ‘अपूर संसार’ केला. त्यात अपू मुलाला खांद्यावर घेऊन निघतो आणि आधीचं काहीही न पाहिलेल्या माणसालाही ते पोचतं. इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनीनं आपल्या त्रयीच्या शेवटी, १९६२ च्या ‘लेक्लिस’मध्ये, उलटं केलं. शेवटची सहा-सात मिनिटं नायक-नायिका येतच नाहीत, नुसता त्यांच्या भेटीचा रिकामा नाका. आपल्या रंगभूमीवर, ‘रेड’ आला त्याच १९९४ साली, चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘आविष्कार’साठी महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’, ‘युगान्त’ ही तिन्ही नाटकं सलग केली. ‘युगान्त’च्या दुष्काळापर्यंत पोचायला प्रेक्षक आधी वाड्यात राहून आलेला लागतो. मराठी प्रेक्षक तसा राहिला, दिवसभर खुर्चीत बसला. तेव्हा ‘आपल्याकडे असलं चालत नाही’ हे मला कुणी सांगू नये.

बोटीपेक्षा मला त्रयीतली बाटली जास्त मोलाची वाटते. तिन्ही चित्रपटांत कुणी तरी वाकलेलं म्हातारं माणूस काचेची बाटली कचऱ्याच्या पेटीत टाकायला धडपडत असतं, भोक उंचावर, हात पुरत नाही. ‘ब्लू’मध्ये ज्यूलीचं लक्ष नसतं. ‘व्हाइट’मध्ये कॅरोल बघतो आणि हसतो. ‘रेड’मध्ये व्हॅलेंटीन जाऊन ती बाटली आत ढकलते. स्वातंत्र्य स्वतःत बुडालं की शेजारचं दिसत नाही, समतेत सूड शिरला की शेजाऱ्याचं दुःख गोड लागतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी हेच बजावलं होतं: तिन्ही मूल्यं सुटी करता येत नाहीत, आणि बंधुता नसेल तर उरलेली दोन वरच्या रंगाच्या थराइतकीच टिकतील. ही त्रिसूत्री आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली, असंही त्यांनी १९५४ च्या नभोवाणी भाषणात स्पष्ट केलं. १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी आमच्या खान्देशात, धुळ्याला आले असताना ते लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. त्या आठवणीत ३१ जुलैला लोक अजून तिथे जमतात. इकडे अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते. खान्देशाला हा तिसरा शब्द समजावून सांगायला पोलंडहून कुणी यायची गरज नव्हती. तरी आलाय तर पाहुणचार करावा.

वाचनालयं, महाविद्यालयं आणि चित्रपट मंडळं चालवणाऱ्यांना एक विनंती. असे चित्रपट दाखवताना मराठी सबटायटल द्या. संवाद थोडे असतात, मराठीचे दोन चांगले विद्यार्थी सुटीत हे काम करतील. माझी आत्या चेहरे वाचते, पण खलाशाची गोष्ट तिला मला सांगावी लागली. आणि घरी पाहणार असाल तर क्रम मोडू नका. प्रत्येक चित्रपट पावणेदोन तासांच्या आतला आहे. एका रात्री एकच पाहा. ‘व्हाइट’ काहींना फिका वाटतो, तो गाळावासा वाटेल. गाळू नका, नाहीतर बोटीतून वाचलेले दोघं तुम्हाला ओळखू येणार नाहीत.