एक हंगाम, दहा हजार वेळा

पुस्तक मिटायचं, अंगठ्याने कुठूनही उघडायचं आणि डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा बघायचा. 46 निघालं, षटकार. 82 निघालं, दोन धावा. 14 निघालं, चौकार. 70 निघालं की शेजारचा ओरडणारच, "आउट ना भो!" चाळीसगावला शाळेत असताना ऑफ तासाला मागच्या बाकावर आम्ही असे कितीतरी सामने खेळलो. शेवटी आठ आला तर धाव नाही, असा आमच्या बाकाचा नियम होता. दुसऱ्या वर्गात आठला नो-बॉल धरत. त्यावरून भांडणंही होत.

वहीच्या मागच्या पानावर गुणतक्ता असायचा. चाळीसगाव, पाचोरा, भडगाव, पारोळा, अमळनेर, एरंडोल, मालेगाव आणि धुळे असे आठ संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे एकेका संघाचे 14 सामने. लीग सुरू होण्याआधी यंदा कोण जिंकणार यावर आमची खडाजंगी चालायची. मैदानावर कधीही न उतरलेल्या संघांचं भाकीत आम्ही अगदी पोटतिडकीने करत होतो. त्या भाकितात अर्थ होता का, हा प्रश्न मला पुढे बऱ्याच वर्षांनी पडला. त्याचं उत्तर शोधताना मात्र फार दूर जावं लागलं नाही. निम्मं उत्तर चाळीसगावहून अठरा किलोमीटरवर, पाटण्याला होतं.

असाच खेळ अमेरिकेत बेसबॉलवर बसवला गेला. ईथन ॲलन नावाच्या माजी खेळाडूने 1941 मध्ये फिरती चकती लावून घरबसल्या खेळायचं बेसबॉल बाजारात आणलं. 1961 मध्ये हॅल रिचमनचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ आला. त्यात प्रत्येक खऱ्या खेळाडूच्या नावाचं एक कार्ड. फासे टाकायचे आणि जो आकडा पडेल त्यासमोर कार्डावर लिहिलेलं घडलं असं धरायचं. कार्डावरचे आकडे त्या खेळाडूच्या आदल्या हंगामातल्या कामगिरीवरून बेतलेले असत, त्यामुळे चांगल्या फलंदाजाच्या वाट्याला फाशांचे चांगले आकडे जास्त. नंतर हे सगळं संगणकावर गेलं. 2020 मध्ये कोरोनामुळे खरा हंगाम वेळेवर सुरूच होऊ शकला नाही, तेव्हा अमेरिकेत संगणकावर हंगाम खेळवला गेला, त्याचे रोजचे निकाल प्रसिद्ध झाले आणि लोकांनी ते आवडीने वाचलेसुद्धा.

अशा खेळाला बेसबॉल फार सोयीचा पडतो. मैदानावर तीन बेस असतात आणि प्रत्येकावर धावपटू असतो किंवा नसतो, म्हणजे आठ परिस्थिती. डावात कोणी बाद नाही, एक बाद किंवा दोन बाद, अशा तीन अवस्था. आठ गुणिले तीन, 24. प्रत्येक फलंदाजाच्या पाळीआधी सामना या 24 खणांपैकी एकात उभा असतो आणि फासा त्याला दुसऱ्या खणात ढकलतो. क्रिकेटमध्ये खेळपट्टी बदलते, चेंडू जुना होतो, फलंदाज स्थिरावतो. ते सगळं इतक्या थोड्या खणांत बसत नाही. पण पुस्तकातलं क्रिकेट बेसबॉलपेक्षाही सोपं असतं, म्हणून आपण तेच घेऊ.

डावीकडचं पान नेहमी सम आकड्याचं असतं. म्हणजे शेवटी 0, 2, 4, 6 किंवा 8, आणि पाचांची शक्यता सारखी. शून्यावर बाद, म्हणजे पाचात एकदा बाद. एक फलंदाज सरासरीने पाच वेळा पान उघडतो. पाचवं पान त्याला तंबूत पाठवतं, आधीच्या चारांत दोन, चार, सहा आणि आठवाली बिनधावेची पानं सारख्या प्रमाणात येतात. एका पानाच्या सरासरी तीन धावा, म्हणजे फलंदाजाच्या बारा. दहा गडी बाद होईपर्यंत संघाच्या 120.

हे झालं सरासरीचं. पण पुस्तक काही दर वेळी 120 वर थांबत नाही. एखादा फलंदाज पहिल्याच पानाला जातो, एखादा साठच्या पुढे जातो. हा फरक मोजायचं माप म्हणजे प्रमाण विचलन. एका डावासाठी ते 45 च्या आसपास येतं. अर्थ असा की तीनपैकी साधारण दोन डाव 75 ते 165 यांच्या मध्ये पडतील आणि तिसरा त्याच्याही बाहेर जाईल.

आता आमच्या गुणतक्त्याकडे या. आठही संघ एकाच पुस्तकातून खेळत होते, कोणात काडीचाही फरक नव्हता. सामना म्हणजे नाणेफेकच, निम्मी-निम्मी शक्यता. चौदा सामन्यांत प्रत्येकाला सात विजय मिळावेत. पण नाणं चौदा वेळा उडवून बघा, विजयांचा आकडा सातच्या दोन इकडे-तिकडे सहज सरकतो. आठ संघ असले की त्यातला कुणीतरी वर सरकणार आणि कुणीतरी खाली. हिशेब सांगतो की अगदी सारख्या आठ संघांच्या लीगमध्येही अव्वल संघाचे सरासरी नऊ-दहा विजय होतात आणि तळाच्या संघाचे चार-पाच. आम्ही तो तक्ता बघून म्हणायचो, पारोळा फॉर्मात आहे, भडगावचं काही खरं नाही. फॉर्म नव्हताच. होती ती फक्त पानं.

मला वाटतं, प्रत्येक क्रीडाप्रेमीने ही गोष्ट एकदा स्वतःच्या हाताने करून बघावी. सांगून ती पटत नाही. दहा विजय आणि चार विजय यांच्यातली दरी बघितली की मन लगेच कारण शोधतं: कर्णधार, जिद्द, ड्रेसिंग रूममधलं वातावरण. खऱ्या लीगमध्ये ही कारणं असतातही, पण नशिबाचा वाटा वजा केल्यावर जे उरेल त्यातच ती शोधली पाहिजेत. सामने वाढले की नशिबाचा वाटा कमी होत जातो. अमेरिकेतला मुख्य बेसबॉल हंगाम तर तब्बल 162 सामन्यांचा असतो. तिथेही अगदी मध्यम संघ निव्वळ दैवाने 75 वर राहू शकतो किंवा 87 पर्यंत जाऊ शकतो. 2001 मध्ये सिएटल मरिनर्सने 116 सामने जिंकले आणि तरी त्यांना अंतिम मालिका गाठता आली नाही.

मग भाकीत करायचंच नाही का? करायचं, पण संघांत खरा फरक असेल तेव्हा, आणि तो फरक किती हे मोजून. समजा चाळीसगावला आपण एक जीवदान दिलं: प्रत्येक डावात पहिलं शून्य माफ. म्हणजे दहाऐवजी अकरा गडी. सरासरी 120 वरून 132 वर गेली. बाकाबाकांवर ओरड होईल की ही लुच्चेगिरी आहे, आता कप चाळीसगावचाच. पण बारा धावांची ही आघाडी त्या भल्यामोठ्या चढउतारात बरीचशी विरून जाते. सामना जिंकण्याची शक्यता 50 वरून 57 टक्क्यांच्या आसपास पोचते, एवढंच. पूर्ण हंगामात अव्वल येण्याची शक्यता आधी आठात एक होती, ती साधारण चारात एक होते. सगळ्यांत बलवान संघ, ज्याला आपण डोळे मिटून पसंती देऊ, तो चार हंगामांपैकी तीन वेळा पहिला येत नाही.

हा ‘चारात एक’ काढायचा कसा? सरळ मार्ग म्हणजे सगळ्या शक्यता मोजणं, आणि इथे सुरुवातीला म्हटलेल्या पाटण्याचा, पाटणादेवीचा रस्ता धरावा लागतो. गौताळ्याच्या डोंगरात, देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे, शके 1128 चा. गणितज्ञ भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ स्थापला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, हे त्या लेखात कोरलेलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा जन्म पाटण्याचा की विजापूरकडचा, यावर विद्वानांत वाद आहे. पण त्यांचं गणित या डोंगरात शिकवण्याची सोय केली गेली, याला दगडाचा पुरावा आहे.

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ 1150 ची. त्यात सहा रसांची मिश्रणं किती प्रकारे होतील हे विचारलं आहे: दोन-दोन रसांची 15, तीन-तीनची 20, सगळी मिळून 63. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं अदलाबदल करून दिली तर मूर्तीचे प्रकार किती? 36,28,800. रसांच्या मिश्रणांचा नियम आमच्या लीगला लावा. आठ संघांतून दोन-दोनच्या जोड्या म्हणजे आठ गुणिले सात भागिले दोन, 28. दोनदा खेळायचं म्हणून 56 सामने. प्रत्येक सामन्याचे दोन निकाल, त्यामुळे पूर्ण हंगामाचे प्रकार दोनचा 56 वा घात, म्हणजे 72 हजार लाख कोटींच्या वर. सेकंदाला दहा लाख हंगाम तपासणारा संगणक बसवला तरी त्याला सुमारे 2,280 वर्षं लागतील. भास्कराचार्यांचा नियम शक्यता किती ते क्षणात सांगतो. पण त्यातल्या किती शक्यतांत चाळीसगाव पहिला, हे एकेक तपासून मोजणं कुणालाच परवडणारं नाही.

यातून वाट काढली ती आजारातून उठत असलेल्या एका गणितज्ञाने. 1946 मध्ये स्टॅनिस्लॉ उलाम विश्रांती घेत पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसला होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढायला गेला आणि अडकला. मग त्याच्या मनात आलं, डाव शंभर वेळा मांडावा आणि किती वेळा सुटला ते सरळ मोजावं. त्याने ही कल्पना जॉन फॉन नॉयमनला सांगितली आणि ती सुरुवातीच्या संगणकांवर अणुबॉम्बच्या गणितांसाठी वापरली गेली. जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून तिला ‘माँटे कार्लो’ हे नाव पडलं. आज कुठल्याही लीगच्या हंगामपूर्व भाकितात टक्के दिसतात ते बहुतेक याच पद्धतीने काढलेले असतात: हंगाम संगणकावर दहा हजार वेळा खेळवायचा आणि कोण किती वेळा पहिला आला ते मोजायचं. शंभर हंगाम खेळवले तर आपल्या उत्तरात चार-पाच टक्क्यांची चूक राहते, दहा हजार खेळवले तर अर्ध्या टक्क्याच्या आत येते. चूक निम्मी करायची तर खेळ चौपट. पुस्तकाने दहा हजार हंगाम खेळायचे तर साडेपाच कोटींहून जास्त वेळा पान उघडावं लागेल. साध्या लॅपटॉपला मात्र हे फारसं जड जात नाही.

फक्त पानं खरोखर कशीही उघडली पाहिजेत. आमच्या बाकावरचं एक पुस्तक 46 व्या पानावर फुटलेलं होतं. कुठेही अंगठा घाला, ते तिथेच उघडायचं आणि ज्याचं पुस्तक त्याला फुकटचे षटकार मिळायचे. संगणकाचंही पुस्तक असं फुटू शकतं. फॉन नॉयमनने सुचवलेली जुनी रीत अशी: चार अंकी संख्येचा वर्ग करा, आठ अंकांतले मधले चार घ्या, तो पुढचा ‘रँडम’ आकडा. आता 3792 घ्या. वर्ग 1,43,79,264. मधले चार अंक पुन्हा 3792! यंत्र कायमचं तिथेच अडकलं. आपल्याच रेल्वेमार्गावर, नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेले द. रा. कापरेकर याच काळात अंकांशी खेळत 6174 पर्यंत पोचले होते. चार अंकांचा उतरता आणि चढता क्रम लावून वजाबाकी करत राहा, चारही अंक सारखे नसतील तर 6174 येऊनच थांबतं. कापरेकरांना तो थांबा हवा होता, फॉन नॉयमनला तो नको होता. आजच्या रीती खूप सुधारल्या आहेत, पण ‘पुस्तक फुटलेलं तर नाही ना’ ही तपासणी अजूनही करावीच लागते.

हे सगळं मी निव्वळ खेळासाठी लिहीत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत पावसाचं मॉडेल असंच थोडी थोडी सुरुवात बदलून अनेक वेळा चालवतात. हवामान खातंही मोसमी पावसाचा अंदाज सांगताना सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका, जास्त, अशा गटांची शक्यता टक्क्यांत देतं. समजा कमी पावसाची शक्यता 25 टक्के सांगितली आणि पाऊस खरंच कमी झाला, तर पारावर लगेच म्हणतात की खात्याचा अंदाज चुकला. पण चारात एक म्हणजे सरासरीने चारात एकदा होणारच. कापसाचं बियाणं कधी टोचायचं, विहिरीचं पाणी किती राखून ठेवायचं, हे ठरवताना तो 25 चा आकडा फेकून द्यायचा नसतो. तेवढी तजवीज ठेवायची असते. अंदाज खरा की खोटा हे एका वर्षावरून कळत नाही. अनेक वर्षांत जिथे 25 टक्के म्हटलं तिथे खरोखर पावपट वेळा तसं झालं का, हे बघावं लागतं.

घरी मुलं असतील तर या मे महिन्यात त्यांना ही लीग लावून द्या. एक सामना म्हणजे साधारण शंभर पानं, सात-आठ मिनिटं. रोज चार सामने खेळले तर चौदा दिवसांत हंगाम संपतो. एका संघाला एक जीवदान द्या. पहिलं पान उघडण्याआधी कोण पहिला येईल ते नुसत्या नावाने लिहू नका, आठही संघांसमोर टक्के लिहा. बेरीज शंभर भरली पाहिजे. आणि पुस्तक न फुटलेलं घ्या.