एकवीस ठिपक्यांची अमरावती

‘अमरावती’ हा शब्द ब्रेलमध्ये लिहायचा तर जाड कागदावर एकवीस ठिपके टोचावे लागतात. ‘अ’चा एक, ‘म’चे तीन, ‘र’चे चार, मग ‘आ’चे तीन, ‘व’ आणि ‘त’चे चार-चार आणि शेवटच्या ‘ई’चे दोन. भारती ब्रेलमध्ये काना किंवा वेलांटी अक्षराला चिकटत नाही, अक्षरानंतर स्वतंत्र घर घेऊन बसते. त्यामुळे डोळसांचा पाच अक्षरी शब्द बोटांसाठी सात घरांचा होतो. अकोला त्या मानाने सुटसुटीत: पाच घरं, बारा ठिपके.

खरी कसरत लिहिताना असते. ब्रेलची पाटी म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्या. वरच्या पट्टीत ओळीने खिडक्या, खालच्या पट्टीत प्रत्येक खिडकीखाली सहा खळगे, आणि मध्ये कागद. सुई दाबली की ठिपका कागदाच्या मागच्या बाजूला उठतो, म्हणजे वाचायला कागद उलटावा लागतो. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि तेही आरशात दिसावं तसं. वाचताना ‘क’चे दोन ठिपके डाव्या रांगेत वर आणि खाली लागतात, लिहिताना तेच दोन ठिपके उजव्या रांगेत टोचायचे. लहानपणापासून हे करणारं मूल विचारसुद्धा करत नाही. तिशी-चाळिशीतली डोळस शिक्षिका मात्र प्रत्येक अक्षराला थबकते. दोन दिवसांच्या कार्यशाळेत तिला लिपीची ओळख होईल, पण हात बसायला महिने लागतात.

त्या महिन्यांचा खर्च कोणी करायचा, या प्रश्नापाशी वऱ्हाडातल्या मिशनच्या शाळा आज उभ्या आहेत.

विदर्भात ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द केव्हाच सगळ्यांचा झाला. गल्लीतल्या इंग्रजी बालवाडीच्या फलकावरही तो असतो, मग तिथे सिस्टर असोत वा नसोत. अमरावतीचं होली क्रॉस किंवा अकोल्याचं माउंट कार्मेल या मात्र खऱ्या मिशनच्या शाळा, आणि त्यांच्या शिस्तीवर गावाचा पिढ्यानपिढ्या भरवसा आहे. आपल्या मुलाने असल्या शाळेत शिकावं असं वाटणाऱ्या पालकांमध्ये कमी दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या, उशिरा बोलू लागलेल्या मुलांचे आईबापही असतात. प्रवेशाच्या दिवसांत इंग्रजी शाळेच्या कचेरीत एखादी आई विचारते, “माह्या पोराले घेता का जी?” आणि उत्तर येतं, “घेतलं असतं, पण आमच्याकडे तसे शिक्षक नाहीत.” हे उत्तर बहुतेक वेळा प्रामाणिक असतं. त्यापुढे त्या आईला काही बोलताच येत नाही.

मिशनचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगून होतो. नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत १८८७ मध्ये झाला, आणि त्यातून ८ मे १९५५ रोजी अमरावतीचा वेगळा निघाला. या मुलखात आधी आलेले धर्मगुरू फ्रान्समधल्या आनसीचे, सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे. या नावाशी जोडलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. फ्रान्सिस डी सेल्स १६०२ मध्ये जिनिव्हाचे बिशप झाले. त्यांना मार्टिन नावाचा एक तरुण भेटला. तो जन्मापासून बहिरा होता आणि कोणी त्याला काहीच शिकवलेलं नव्हतं. ज्याला शब्द ऐकू येत नाही त्याला धर्म शिकवता येणार नाही, अशी त्या काळची समजूत. बिशपांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि हातवारे व खुणा करून स्वतः शिकवलं. पुढे चर्चने त्यांना बधिरांचे पालक संत मानलं. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने एका विद्यार्थ्यासाठी आपली शिकवण्याची रीत बदलली, ती चारशे वर्षांपूर्वी. समावेशित शिक्षणाची याहून सोपी व्याख्या सापडणं कठीण.

भारतातली बधिरांची पहिली शाळाही एका कॅथलिक बिशपच्याच पुढाकाराने निघाली. १८८०च्या दशकात, मुंबईत, लिओ म्यूरिन यांनी ती सुरू केली. पण ती वेगळी शाळा होती, आणि पुढची शंभर वर्षं आपण त्याच वाटेने गेलो. अंध मुलांची शाळा एकीकडे, कर्णबधिरांची दुसरीकडे, बौद्धिक अक्षम मुलांची तिसरीकडे. अमरावतीत डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालय आहे. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपलं नाव देऊन वाढवलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी वझ्झरला वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली. या संस्थांचे वऱ्हाडावर मोठे उपकार आहेत. मात्र ज्या मुलाला घर आहे, भाऊबहीण आहेत आणि घरापासून दहा मिनिटांवर शाळा आहे, त्याला वसतिगृहात ठेवण्याचं कारण एवढंच असतं की जवळच्या शाळेत त्याला शिकवू शकणारं कोणी नाही.

शिकवणारं कोणी नसण्याची वऱ्हाडाला फार जुनी आठवण आहे. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला १८८१ मध्ये जन्मलेले गुलाबराव महाराज अवघ्या काही महिन्यांचे असताना डोळ्यांनी अधू झाले. ग्रंथ इतरांकडून वाचून घेऊन आणि सांगून लिहवून घेऊन त्यांनी शंभरावर पुस्तकं रचली, ‘नावंग’ नावाची स्वतःची भाषासुद्धा तयार केली, आणि १९१५ मध्ये, वयाची पस्तिशीही न गाठता ते गेले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात ते योग्यच आहे. तरी मनात येतं: त्यांच्या हाती पाटी आणि सुई कोणी दिली असती तर? प्रत्येक पानासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांची वाट पाहावी लागली नसती.

ब्रेल तरी भाषेपुरतं पुरतं. गणितासाठी वेगळं यंत्र आहे, आणि या सगळ्या प्रकरणातली सगळ्यांत विलक्षण वस्तू हीच. तिला टेलर फ्रेम म्हणतात. एकोणिसाव्या शतकात विल्यम टेलर या इंग्लंडमधल्या अंधशाळेच्या अधीक्षकांनी ती बसवली. एका चौकटीत आठ कोनांच्या चांदणीसारखी भोकं, रांगेमागून रांग. सोबत डबीभर टाइप, म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही लहान धातूचे चौकोनी खिळे. खिळ्याच्या एका टोकाला उभट कड, दुसऱ्या टोकाला दोन टोचणारे बिंदू. खिळा भोकात आठ दिशांनी बसतो, आणि दिशा बदलली की अंक बदलतो. कडेच्या टोकाने एक ते आठ. खिळा उलटा केला की नऊ, शून्य आणि बेरीज-वजाबाकीची चिन्हं. एकाच खिळ्यातून सोळा खुणा निघतात.

यावर दोन आकडी गुणाकार करून पाहावा. मूल डाव्या हाताने भोक शोधतं, उजव्या हाताने डबीतला खिळा उचलतं, कड कुठल्या बाजूला आहे ते चाचपतं, फिरवतं, बसवतं, पुन्हा बोट फिरवून खात्री करतं. डोळस मूल हातचा वर बारीक लिहून मोकळं होतं. हे मूल तो डोक्यात सांभाळत पुढचा खिळा शोधतं. चौकट कलंडली की सगळं गणित जमिनीवर. शेजारच्या बाकावरच्या मुलाची पाच उदाहरणं होतात तेव्हा याचं एक होतं, आणि ते बरोबर असतं. वर्गावरच्या शिक्षिकेला या चौकटीवरचं गणित वाचता येत नसेल, तर ते बरोबर आहे हे तिला कधीच कळत नाही. ती “छान” म्हणून पुढे जाते. वर्षअखेरीस त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात गणिताचा रकाना सवलतीने भरला जातो, आणि दहावीला ते मूल गणित सोडतं.

प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय, ते अशा ठिकाणी कळतं. फळ्यावर “हे इकडून तिकडे नेलं” असं न म्हणता “कंसातला दोन एक्स डावीकडे आणला” असं म्हणण्याची सवय. ओठ वाचणारं मूल समोर असेल तर फळ्याकडे तोंड करून न बोलण्याची सवय. घरी वऱ्हाडी, पुस्तकात इंग्रजी, तासाला हिंदी आणि मराठी अशा चार भाषांत अडखळणारं मूल भाषेमुळे अडखळतं की अध्ययन अक्षमतेमुळे, हे ओळखण्याची नजर. अध्ययन अक्षम मुलांना दहावीला सवलत द्यायला महाराष्ट्राने १९९६ मध्येच सुरुवात केली, आणि डिस्लेक्सिया तपासणारी ‘डाली’ ही चाचणी आता मराठीतही आहे. पण मुलाला चाचणीपर्यंत न्यायचं, तर आधी वर्गातल्या टीचरच्या लक्षात यावं लागतं.

कायद्याची बाजू भक्कम दिसते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानतो, योगायोगाने अमरावतीच्या ठिपक्यांइतकेच. सरकारने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या सगळ्याच शाळांत समावेशित शिक्षण असावं, शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण मिळावं, असं तो सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिकला दहा आणि माध्यमिकला पंधरा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण धरलं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये प्रत्येक केंद्राला, म्हणजे शाळांच्या गटाला एक, याप्रमाणे विशेष शिक्षकांची ४,८६० पदं ठरवली.

हे सगळं मिशनच्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेच्या फाटकापर्यंत येऊन थांबतं. केंद्राचा विशेष शिक्षक मुख्यतः जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या शाळांत फिरतो. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचा निधी मुख्यतः सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे. शिक्षण हक्क कायदा मिशनच्या शाळांसारख्या अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये दुसऱ्या पीठाने त्यावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. तोवर शाळा ‘यूडायस’ या सरकारी माहिती-नोंदणीच्या फॉर्मवर दिव्यांग मुलांचा आकडा दरवर्षी भरते, त्या आकड्यासोबत माणूस येत नाही.

मग पैसा कुठून यावा? बाहेरून आणणं पूर्वीपेक्षा अवघड झालं आहे. परदेशी देणगीचा कायदा २०२० मध्ये बदलला. एका संस्थेने घेतलेली देणगी आता दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. धर्मप्रांताच्या एका संस्थेने निधी मिळवावा आणि वेगवेगळ्या संघांच्या, वेगळी नोंदणी असलेल्या शाळांना वाटावा, ही वाट बंद झाली. कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या यादीत विशेष शिक्षण स्पष्ट शब्दांत आहे, पण वऱ्हाडात मोठे कारखाने किती? आणि जो निधी येतो त्याला फीत कापता येईल अशी वस्तू हवी असते: संगणक कक्ष, रॅम्प, बस. एखाद्या टीचरने सहा महिने शनिवारी दुपारी टेलर फ्रेम शिकली, याचा फोटो निघत नाही.

खर्चाचा मोठा भाग प्रशिक्षणाच्या शुल्कात नसतोच. टीचर शिकायला गेली की तिच्या पन्नास-साठ मुलांच्या वर्गावर कोण उभं राहणार? बदली शिक्षिकेचा पगार, हाच खरा खर्च. तो टाळायचा म्हणून प्रशिक्षण मेच्या सुट्टीत ढकललं जातं, अकोल्याचा पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा. तुटपुंज्या पगारावरच्या बाईंनी आपली सुट्टी देऊन, भर उन्हात, बिनपगारी शिकावं ही अपेक्षा चुकीची आहे. अशी शिकवण हाताला लागत नाही, आणि चांगली शिकलेली टीचर दोन वर्षांत दुसरीकडे जाते.

उपाय ठाऊक नाहीत असंही नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र चालतं. जेसुइटांच्या संस्थेने ते आपल्या आवारात, आपल्या कामाचा भाग म्हणून ठेवलं, आणि आज अंध विद्यार्थ्यांना गणित-विज्ञान कसं शिकवावं हे तिथे विचारता येतं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९९६ मध्ये काही कॅथलिक पालकांनी आपल्या दिव्यांग मुलांना चर्चच्या शाळेत जाता येत नाही म्हणून ‘फायर फाउंडेशन’ उभारलं. विशेष शिक्षक आणि मदतनीस नेमायला, शिक्षकांना शिकवायला ते शाळांना अनुदान देतं. दोन्हीकडे कोणीतरी हा खर्च दरवर्षीचा म्हणून स्वीकारला.

वऱ्हाडात तो स्वीकारायची जागा आजही आहे. महाराष्ट्राच्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे येते आणि दोन वर्षांसाठी ठरते. त्या पत्रकात वीज असते, प्रयोगशाळा असते, सुरक्षारक्षक असतो. त्यात आणखी एक ओळ हवी: दरवर्षी दोन शिक्षिकांचं समावेशित शिक्षणाचं प्रशिक्षण, बदली शिक्षिकेच्या पगारासह. आठ-नऊशे मुलांच्या शाळेत ती वाटून घेतली तर प्रत्येक घरावर फार भार येणार नाही.  अमरावती-अकोल्याच्या ज्या पालकांची मुलं अशा शाळांत आहेत आणि धडधाकट आहेत, त्यांनी पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत ही ओळ स्वतः सुचवावी. ज्या आईला कचेरीतून परत पाठवलं, ती त्या सभेत नसणार.