आरोपीचा वकील आणि गुन्ह्याचा सहायक

५ जानेवारी २०२४ रोजी पुण्यातील कोथरूड भागात शरद मोहोळ या मूळच्या मुळशी तालुक्यातील कुख्यात गुंडाचा गोळ्या झाडून खून झाला. त्याच रात्री पुणे-सातारा रस्त्यावर संशयितांबरोबर दोन वकिलांनाही अटक झाली. त्या खटल्याच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु फरारी पक्षकारासह प्रवास करणारा वकील त्याला शरण आणीत असेल, किंवा त्याच्या पलायनास साह्यही करीत असेल. बाहेरून दोन्ही दृश्ये सारखीच दिसतात. कायदा त्यांत भेद कसा करतो, हा प्रश्न विचारार्ह आहे.

१८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ खालील दोन उदाहरणे या दृष्टीने मार्मिक आहेत. ‘मी बनावट दस्त केला आहे, माझा बचाव करा’, असे पक्षकाराने सांगितले तर ते गुप्तच राहते. कारण दोषी ठाऊक असलेल्या माणसाचा बचाव करणे हा गुन्हेगारी हेतू नव्हे. ‘बनावट खताच्या आधारे मिळकतीचा ताबा मिळवावयाचा आहे, दावा लावा’, या सांगण्यास मात्र संरक्षण नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्येही हेच तत्त्व कायम आहे.

दुसरे उदाहरण जणू मुळशीसाठीच रचले असावे! धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली याच तालुक्यात सत्याग्रह झाला. पुढे हिंजवडीच्या परिसरात माहिती-तंत्रज्ञान उद्योग आले आणि जमिनीचे मोल कल्पनेपलीकडे वाढले. ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या चित्रपटाने जमीन आणि टोळी यांचा हा संबंध सर्वतोमुखी केला. अशा प्रदेशात साठेखत, कुलमुखत्यारपत्र, सातबारावरील फेरफार ही वकिलाची नित्याची कामे; आणि ताबा बळाने घेणाऱ्यालाही नेमके हेच कागद लागतात. फौजदारी बचावापेक्षा या निरुपद्रवी दिसणाऱ्या कामातच वकील अधिक सहज गुंततो, असे म्हणावे लागते.

गुन्हेगारास आसरा देण्याच्या अपराधात कायद्याने पतिपत्नीस सूट दिली आहे, वकिलास नाही. उलट, महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियमातील (१९९९) टोळीशी ‘संपर्क’ ही व्याख्या इतकी व्यापक होती, की पक्षकाराची तुरुंगातील भेटही तीत बसावी. २००५ मध्ये रणजितसिंग शर्मा प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने तिला मर्यादा घातली : नुसता संपर्क पुरेसा नाही, त्याचा गुन्ह्यास साह्य करण्याशी संबंध दिसला पाहिजे. तो हेतू सिद्ध करण्याचा भार अभियोग पक्षावरच राहतो.