मिनरल मोजून घालायचं: बेलापुरातल्या पाणी प्लँटचा दिवस

पहाटे 5:00
बोअरची मोटर चालू करतो. प्रवरेकाठच्या बेलापूरला पाण्याची ददात नाही. 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या कालव्यांवर इथलं शिवार पोसलं. पण पिढ्यान्‌पिढ्या उसाला पाणी पाजून काळ्या जमिनीत क्षार साचत गेले आणि खतातलं नायट्रेट विहिरी-बोअरमध्ये उतरलं. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा, हजाराच्या वर लागतो. वाळूचा फिल्टर बॅकवॉश करतो, कार्बन फिल्टरवरून हात फिरवून गळती पाहतो आणि हायप्रेशर पंपाचं बटण दाबतो.

6:00
आरओच्या मेम्ब्रेनमधून आलेल्या पाण्याचा टीडीएस 40. नायट्रेट उतरलं, खारटपणा गेला. त्याबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही गेलं. मेम्ब्रेनला चांगलं-वाईट कळत नाही. मेम्ब्रेननं मागे टाकलेलं खारं, म्हणजे रिजेक्टचं पाणी वेगळ्या टाकीत घेतो. ते फरशी आणि संडास धुवायला वापरतो, झाडांना घालत नाही.

6:30
दिवसातलं सगळ्यात जपून करायचं काम हे. हजार लिटरमागे 110 ग्रॅम खाद्य दर्जाचं कॅल्शियम क्लोराइड आणि 122 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट काट्यावर तोलतो. त्यातून लिटरला साधारण 30 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 12 मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळतं. बाटलीबंद पाण्याच्या अन्नसुरक्षा नियमातली मर्यादा कॅल्शियमला 20 ते 75 आणि मॅग्नेशियमला 10 ते 30 आहे. आम्ही जारलाही तीच पाळतो. दोन्हींची द्रावणं करून ती वेगवेगळ्या कॅनमध्ये ठेवावी लागतात. दाट असतानाच एकत्र केली, तर पांढरा गाळ खाली बसतो. तो जिप्सम. मग डोसिंग पंपाची नळी तुंबते आणि पाण्यात काहीच जात नाही.

8:00
जार आतून घासायचे, निर्जंतुक करायचे, भरायचे. टेम्पो दुकानं, दवाखाने आणि लग्नघरांकडे निघतो.

11:00
एक आजी जार घ्यायला नातवाला घेऊन आल्या. "बाळा, हे मिनरलचं पाणी पिऊन गुडघे दुखायचे थांबतील का रे?"
"आजी, गुडघ्याचं डॉक्टरांना दाखवा. दिवसाला तीन लिटर प्यायलात, तर यातून नव्वद मिलिग्रॅम कॅल्शियम मिळेल. मोठ्या माणसाला हजार लागतं. बाकीचं दूध, नाचणी, पालेभाजीतून घ्यायचं."
गिऱ्हाईक तुटेल म्हणून खोटं सांगायचं नाही. पाण्यातली भर छोटी असते, पण रोजची असते. ज्याच्या ताटात दूध-भाजी कमी, त्याला ती जास्त मोलाची. स्वयंपाकालाही हेच पाणी वापरा, असं मी सांगतो. क्षार काढलेल्या पाण्यात भाज्या शिजवल्या, तर त्यांच्यातली खनिजं जास्त प्रमाणात पाण्यात उतरतात.

दुपारी 2:00
एका हॉटेलवाल्यांचा फोन. "भाऊ, थोडं बोअरचं मारा की, चव येते. मीटरवर आकडाही चांगला दिसतो."
मी नाही म्हणतो. टीडीएस मीटर विजेच्या वहनावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. ते क्षार कोणते, हे त्याला सांगता येत नाही. दीडशेचा आकडा कॅल्शियमचा असेल, मिठाचा असेल किंवा नायट्रेटचाही. बोअरचं पाणी मिसळणं म्हणजे मेम्ब्रेननं काढलेलं नायट्रेट आणि जंतू पुन्हा जारमध्ये घालणं. बाटलीतून दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना जास्त नायट्रेट घातक ठरतं.

5:00
टाकीतलं पाणी पुन्हा तपासतो. डोसिंग नीट चालू असलं, की आकडा दीडशे ते दोनशेच्या मध्ये राहतो. तो अचानक खाली आला, तर आधी नळी बघायची.

7:30
वहीत पंपाचा दाब, मीटरचे आकडे आणि तोललेल्या पुड्या लिहितो. आज प्रयोगशाळेचा नवा अहवालही आला आहे. दारावरच्या फळ्यावरचा टीडीएसचा मोठा आकडा पुसतो आणि त्या जागी अहवालातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट आणि तपासणीची तारीख लिहितो. जारवर 'मिनरल' छापणाऱ्यानं एवढं तरी गिऱ्हाइकाला दाखवलंच पाहिजे.