वायुप्रदूषके, इंधनजन्य
दगडी कोळसा, खनिज तेल इ. इंधनांच्या ज्वलनातून हवेत मिसळणारे अपायकारक पदार्थ. इंधनातील गंधकापासून सल्फर डाय-ऑक्साइड, अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड व काजळी आणि उच्च तापमानाला हवेतील नायट्रोजनापासून नायट्रोजन ऑक्साइडे बनतात. मुंबईत परळ-लालबाग भागात गिरण्यांच्या धुराड्यांलगतच कामगारांच्या चाळी होत्या. १९१२ च्या कायद्याचा रोख दृश्य धुरावर होता. सल्फर डाय-ऑक्साइड मात्र अदृश्य असतो. १९७०–८० या दशकाच्या अखेरीस के. ई. एम. रुग्णालयाच्या पाहणीत लालबाग व चेंबूर येथे ग्रामीण भागापेक्षा खोकला व श्वासकष्ट अधिक आढळले. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या. २०२० पासून वाहन-इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग आहे. तथापि वाहनांतून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडांचा व सूक्ष्मकणांचा धोका कायम आहे.